घाटवाटेवरची बीडाची चकती

सीमाभागातील कुटुंबांना घाट चुकत नाही. बेळगावहून निपाणीकडे निघावे तर तवंदीचा उतार, सावंतवाडीला जावे तर आंबोली, गोव्याला जावे तर चोर्ला, आणि निपाणीहून देवगडच्या बाजूला उतरायचे तर फोंडा घाट. गणपतीच्या दिवसांत तर घरची सारी माणसे, ट्रंका, डबे, असा भरगच्च संसार गाडीत असतो. हा सारा भार ज्या बीडाच्या चकत्यांवर सावरला जातो, त्यांना गॅरेजात ‘डिस्क’ किंवा ‘रोटर’ म्हणतात. त्या बदलण्याची वेळ आली म्हणजे आपण किंमत विचारतो. कशा निवडाव्यात हे सहसा विचारीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो गतीची उष्णता करतो. माणसांसह बाराशे किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगातून एकदा थांबविली की जवळजवळ एक लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी उष्णता निर्माण होते. वेग दुप्पट झाला तर ती चौपट. आंबोलीहून खाली उतरताना हीच गाडी पाचशे मीटरांहून अधिक उंची गमावते. हिशेब मांडला तर अठरा लिटर पाणी, म्हणजे न्हाणीघरातला एक बंब, उकळेल एवढी ही ऊर्जा! तिचा काही वाटा वारा आणि इंजिन उचलतात. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिन अंग काढून घेते आणि ओझे चकत्यांवर येते. (पेट्रोल वाचविण्याची ही जुनी खोड आमच्याकडे अजून गेलेली नाही. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो, तेव्हा बचत तरी कसली?)

अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात चाकांना ड्रम असत. तापलेला ड्रम प्रसरण पावून ब्रेकशूपासून दूर सरके आणि पाय अधिकाधिक खोल जाई. जुन्या चालकांना ही धास्ती चांगली परिचित होती. चकतीची कल्पना तशी जुनीच. लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि १९५३ च्या ल माँ शर्यतीत जग्वार गाड्यांनी चकत्यांच्या बळावर बाजी मारल्यावर जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. चकती उघड्यावर फिरते, त्यामुळे लवकर निवते आणि पावसाचे पाणी झटकून टाकते. आंबोलीच्या पावसात हा गुण लहान नव्हे.

चकतीसाठी करडे बीड वापरतात, कारण त्यात ग्राफाइटचे पातळ पापुद्रे विखुरलेले असतात. उष्णता त्यांतून झटकन पसरते व कंपने विरतात. बेळगावच्या उद्यमबागेतील आणि कोल्हापूरच्या फौंड्र्यांतून मोटारींचे बीडाचे भाग ओतले जातात, तेव्हा ‘लोकल’ हा शब्द आपल्या भागात तरी शिवीसारखा वापरू नये. मात्र ओतणे निराळे आणि अचूक कातणे निराळे. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी लचकही स्टिअरिंगवर जाणवते. निनावी, खोक्यावर गाडीचे मॉडेल नाही, काठावर जाडीचा आकडा नाही, असा स्वस्त माल आम्ही तरी घेणार नाही.

हा आकडा सर्वांत महत्त्वाचा. चकतीच्या काठावर किंवा मधल्या भागावर तिची किमान जाडी कोरलेली असते. २२ मिलिमीटरची नवी चकती २० वर आली की बहुधा बाद समजावी. लेथवर फिरवून ती पुन्हा चकचकीत करता येते, खर्चही वाचतो. पण पातळ चकतीत उष्णता साठवायला बीडच उरत नाही, आणि तिला घाटात तडे जाण्याचा संभव वाढतो. फिरविल्यानंतर जाडी किमान आकड्याच्या वर राहणार असेल तरच तो उद्योग करावा. मोजणी मायक्रोमीटरने आपल्यासमोर करून मागावी. त्यात मिस्त्रीचा अपमान होत नाही.

काही गाड्यांना भरीव चकती असते, काहींना दोन पृष्ठांमध्ये हवा खेळणारी पोकळ. घाटासाठी पोकळ बरी, हे खरे. परंतु भरीव चकतीच्या कॅलिपरमध्ये ती मावत नाही. कंपनीने दिली त्याच व्यासाची आणि जाडीची घ्यावी. भोके पाडलेल्या शोभिवंत चकत्यांचा मोह तरुण मंडळींना फार. त्या भोकांपाशीच पुढे तडे सुरू होतात.

चकत्या नेहमी जोडीने, दोन्ही बाजूंच्या बदलाव्यात, आणि पॅडही त्याच वेळी नवे घ्यावेत. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला नाही तर नवी चकतीही वाकडी फिरते, आणि दोष दुकानदाराला लागतो. तिच्यावरचे तेल पुसून बसवावे. पहिले दोनशे किलोमीटर बेताने, सपाटीवर चालवावे, म्हणजे पॅड आणि चकती एकमेकांना बसतात. चाकांचे नट शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासून मगच आंबोलीचा बेत आखावा.