हवाना चिरुटाचें मोल

चिरूट हा शब्द मूळचा तामिळ, 'शुरुट्टु'. गुंडाळलेली वस्तु असा त्याचा अर्थ. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल येथले चिरूट एके काळीं साहेब लोकांच्या तोंडीं असत. परंतु आज मी बोलणार आहें तें या देशी चिरुटाविषयीं नव्हे. क्यूबा बेटांतून जगभर जाणारा जो हवाना चिरूट, त्याच्याविषयीं दोन प्रश्न नेहमीं विचारले जातात. त्याची भरमसाट किंमत रास्त आहे काय, हा पहिला. तो विकत घेतल्यावर पुन्हा वर्षानुवर्षें पेटींत मुरत ठेवावा असें जाणकार सांगतात, त्यांत तथ्य किती, हा दुसरा. हे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी एकाचें उत्तर दुसऱ्यांत दडलेलें आहे.

प्रथम हा पदार्थ होतो कसा तें पाहूं. क्यूबाच्या पश्चिम टोंकाला पिनार देल रियो नांवाचा प्रांत आहे. तेथील 'वुएल्ता आबाहो' या पट्ट्यांत सर्वोत्कृष्ट तंबाखू पिकते. बहुतेक हवाना चिरुटांत पांच तऱ्हेचीं पानें असतात. सर्वांत वरचें वेष्टनाचें पान सुती कापडाच्या मांडवाखालीं वाढवितात. ऊन गाळून मिळाल्यानें तें पातळ, मऊ आणि निर्डाग निघतें. त्याच्या आंत बांधणीचें पान. पोटांत आणखी तीन: झाडाच्या बुडाकडचें 'वोलादो', जें नीट जळतें, मधलें 'सेको', ज्यानें सुवास येतो, आणि शेंड्याकडचें 'लिहेरो', जाड, तेलकट नि कडक. पानें सुकवून, रचून, आंबवावीं लागतात. ढिगाच्या पोटांत उष्णता वाढते, अमोनिया बाहेर पडतो आणि पानाचा उग्रपणा उतरतो. मग त्यांचे गठ्ठे कोठारांत विसावतात. लिहेरोला तर सुमारें दोन वर्षें थांबावें लागतें. त्यानंतर कारागीर तें सर्व हातानें वळतो. यंत्र नाहीं, सांचा असला तर लाकडाचा, आणि हत्यार म्हणजे एक चपटी पाती.

या कारागिरांविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८६५ सालापासून हवानाच्या कारखान्यांत काम चालूं असतां वर्तमानपत्रें व कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखविणारा वाचक नेमण्याची प्रथा पडली. १९३५ सालीं निघालेल्या 'मोन्तेक्रिस्तो' चिरुटाचें नांव ड्यूमाच्या कादंबरीवरून आलें आहे. पुढें या कारखान्यांत रेडिओहि आला. पण वाचकाची खुर्ची त्यानें बळकाविली नाहीं, हें आम्हां रेडिओवाल्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

इतक्या श्रमाची वस्तु स्वस्त असूं शकत नाहीं, हें उघड आहे. पण श्रमाचें मोल श्रम करणाराला मिळतें काय? आजहि क्यूबांतील सामान्य सरकारी नोकराचा महिन्याचा पगार कोहिबाच्या 'बेहिके' जातीच्या एका चिरुटाला पुरत नाहीं. मग उरलेला पैसा जातो कोठें? लंडनसारख्या शहरीं त्यांतील मोठा वांटा सरकारी कर घेतो. दुकानदार आपला वांटा घेतो. आणि बाकीचें मोल असतें तें नांवाचें व एकाधिकाराचें.

हा एकाधिकार कसा उत्पन्न झाला तें थोडक्यांत सांगतों. १९६० सालीं कास्त्रो सरकारनें चिरुटांचे कारखाने ताब्यांत घेतले. १९६२ च्या फेब्रुवारींत अध्यक्ष केनेडींनीं क्यूबाशीं व्यापार बंद केला. तत्पूर्वीं आपल्या चिटणिसाकरवीं बाराशें चिरूट त्यांनीं आपल्यासाठीं मागवून घेतले, असें त्या चिटणिसानेंच पुढें लिहून ठेविलें आहे. जुने मालक देशोधडीस लागले. त्यांतील कित्येकांनीं डोमिनिकन प्रजासत्ताकांत आपलीं जुनीं नांवें पुन्हा उभीं केलीं. निकाराग्वा व होंडुरास येथेंहि क्यूबाच्या बियाण्याची तंबाखू पिकूं लागली. म्हणून एकाच नांवाचे दोन चिरूट आज जगांत विकले जातात, एक क्यूबाचा आणि एक बाहेरचा. क्यूबाच्या मालाचा परदेशी व्यापार मात्र १९९४ पासून 'हाबानोस' या एकाच कंपनीच्या हातीं आहे व तिच्यांत निम्मा वांटा क्यूबा सरकारचा आहे. २०२२ सालीं या कंपनीनें कोहिबा व त्रिनिदाद या दोन नांवांच्या किंमती सर्व जगांत हाँगकाँगच्या भावाला नेऊन भिडविल्या. अनेक देशांत त्या एका रात्रींत दुपटीवर गेल्या. पान तेंच, कारागीर तोच, पेटी तीच.

बरें, माल तरी दुपटीनें सरस आहे काय? १९९२ पासून निघणारें 'सिगार अफिशिओनाडो' हें अमेरिकन नियतकालिक चिरुटांवरील नांवाच्या पट्ट्या काढून मगच परीक्षा करतें. त्याच्या वर्षांतील सर्वोत्कृष्ट चिरुटाचा मान २०१० सालीं व २०१३ सालीं क्यूबाला मिळाला. २०१२ सालीं आणि २०२१ सालीं तो निकाराग्वाकडे गेला. याचा अर्थ क्यूबाची माती सामान्य आहे असा नव्हे. त्या मातीचा एक सुवास आहे आणि त्याचा भोक्ता दुसऱ्यानें तृप्त होत नाहीं. परंतु सुवास निराळा असणें वेगळें आणि सरस असणें वेगळें. शिवाय हातकाम म्हटलें कीं चुका आल्याच. गेल्या शतकाच्या अखेरीस क्यूबानें उत्पादन घाईनें वाढविलें तेव्हां धूर न ओढला जाणारे, ठासून भरलेले चिरूट इतके निघाले, कीं पुढें कारखान्यांत ओढ तपासणारीं यंत्रें बसवावीं लागलीं.

आतां मुरवण्याकडे वळूं. आपल्या घरांत मुरणें म्हणजे काय हें कोणा गृहिणीला शिकवावयास नको. नवा तांदूळ गिच्च होतो, जुना मोकळा शिजतो. म्हणून वाणी जुन्या तांदुळाला जास्त भाव सांगतो आणि आपण तो देतों, कारण वर्षभर कोठार त्यानें अडविलेलें असतें. चिरुटाचें तसेंच आहे. वळतांना पान ओलसर करावें लागतें, त्यामुळें आंतील आंबण्याची क्रिया पुन्हा किंचित् जागी होते आणि नव्या चिरुटाला अमोनियाची झणक येते. कांहीं महिन्यांनीं, कधीं वर्षादोन वर्षांनीं, ती जाते. हाँगकाँगचे संग्राहक मिन रॉन नी यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या मुरण्याच्या निरनिराळ्या अवस्था वर्णिल्या आहेत. लिहेरो भरपूर असलेला कडक चिरूट पांच-दहा वर्षांत सौम्य व गोलाईदार होतो. उलट हलका चिरूट फार ठेवला तर त्याचा सुवासच उडून जातो. वाईट वळलेला चिरूट तर वीस वर्षें ठेवला तरी वाईटच राहतो.

म्हणजे मुरवण्यांत तथ्य आहे. पण, श्रोतेहो, येथेंच किंमतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पूर्वीं लंडनचे जुने व्यापारी आपल्या कोठ्यांत चिरूट मुरवून मग ते गिऱ्हाइकाला देत. आज बहुधा नवा तांदूळ जुन्याच्या भावानें विकला जातो आणि तो मुरविण्याचें काम गिऱ्हाइकाच्या गळ्यांत पडतें. माझ्या मतें खरा आक्षेप घ्यावयाचा तो येथें.

आणि हें काम सोपें नाहीं. त्यासाठीं 'स्पॅनिश सीडर' नांवाच्या लाकडाची पेटी, शेंकडा ६५ ते ७० आर्द्रता आणि १६ ते १८ अंश उष्णता लागते. मुंबईच्या हवेंत तर हें यंत्रावांचून अशक्यच. उकाडा वाढला कीं पानांतील तंबाखूच्या किड्याचीं अंडीं फुटतात आणि महिन्याच्या पगाराएवढ्या पेटीला बारीक भोकें पडतात.

मुरलेला चिरूट सौम्य लागतो म्हणून तो निरुपद्रवी होतो, हाहि एक भ्रम आहे. धूर पोटांत न घेतां तोंडांतच घोळविला तरी तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. एका मोठ्या चिरुटांत पाकीटभर सिगारेटींइतकी तंबाखू असूं शकते.

इतकें ऐकूनहि परदेशांतून येणाऱ्या आप्ताकडून कोणी पेटी मागविणारच असेल, तर त्यानें तिचें बूड उलटून पाहावें. तेथें ती कोणत्या महिन्यांत व सालीं भरली याचा शिक्का असतो. अर्धें मुरणें झालें आहे कीं नाहीं तें त्यावरून कळतें. आणि कांचेच्या झांकणाची 'कोहिबा' पेटी कोणी स्वस्तांत देऊं लागला, तर ती मुळींच घेऊं नये. ती नकली असते.