शिल्लक पाणी विकायचे नियम

कॅलिफोर्नियात पाऊस जास्त उत्तरेकडे पडतो आणि मागणी जास्त दक्षिणेकडे असते. त्यामुळे एका सार्वजनिक पाणीसंस्थेकडचे जास्तीचे पाणी दुसरीला देण्याचे व्यवहार तिथे कायद्याने बांधले आहेत. राज्याच्या जलसंहितेतील कलम 382 नुसार संस्थेला असे पाणी क्षेत्राबाहेर विकता, भाड्याने देता किंवा अदलाबदलीत देता येते. ‘शिल्लक’ म्हणजे आपल्या ग्राहकांची गरज भागून उरेल ते. एखाद्या ग्राहकाने स्वखुशीने सोडलेले पाणीही हस्तांतरित करता येते.

पण पाणी न्यायचे कशातून? कालवा दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि खरी अडवणूक इथेच होऊ शकते. म्हणून कलम 1810 सांगते की सरकारी कालव्यात रिकामी क्षमता असेल, तर वाजवी मोबदला घेऊन वाट द्यावीच लागेल. ही सक्ती रिकाम्या क्षमतेच्या 70 टक्क्यांपुरतीच आहे.

शिवाय इतर कायदेशीर हक्कदारांना इजा होता कामा नये आणि मासे व वन्यजीव यांच्यावर अवाजवी परिणाम होता कामा नये. मला सर्वांत मोलाची वाटते ती आणखी एक अट: पाणी जिथून निघते, त्या काउंटीच्या अर्थकारणाचाही विचार करावाच लागतो. शेत पडीक ठेवून पाणी विकले, की शेतमालकाला पैसे मिळतात. शेतमजुराचा रोज मात्र बुडतो.