पथ्य साऱ्या घराचें

यंदाच्या श्रावणांत आमच्या घरीं सत्यनारायणाची पूजा झाली, तेव्हां प्रसादाचा शिरा गव्हाच्या रव्याचा नव्हता. तांदुळाच्या रव्याचा होता. आलेल्या मंडळींपैकीं तोंडावर कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु दोन वृद्ध भगिनींनीं द्रोण हातांत घेऊन एकमेकींकडे पाहिलें, हें माझ्या नजरेंतून सुटलें नाहीं. चालत आलेली रीत आम्हीं कां मोडली, याचा खुलासा आरतीच्या गडबडींत करतां आला नाहीं. तो येथें करीत आहें. कारण ही गोष्ट आमच्या एका घरापुरती आहे असें मला वाटत नाहीं.

आमची थोरली नात आतां अकरा वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून तिची उंची वाढेनाशी झाली. दोन वर्षांनीं धाकटी असलेली चुलत बहीण तिच्या खांद्याला खांदा लावूं लागली. चेहरा फिका, पोट मात्र फुगलेलें. तोंड वरचेवर यावयाचें. शाळेंतून आली कीं दप्तर टाकून आडवी व्हावयाची. रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ८ भरलें. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंतांचें औषध झालें, आजीनें दृष्टहि काढली. गोळ्या चालू असत तोंवर आंकडा किंचित् वर सरके, पुन्हां खालीं येई. "मूळची अंगकाठीच लहान," असें एका डॉक्टरांनीं सांगितलें. आणि "आमच्या घराण्यांतल्या मुली लहानखुऱ्याच," असें म्हणून मींहि त्यावर शिक्कामोर्तब केलें. या शिक्कामोर्तबांत दोन वर्षें गेलीं.

आमचें उचगांव कोल्हापूरला लागूनच आहे. शेवटीं कोल्हापुरांतील एका बालरोगतज्ज्ञांकडे आम्ही गेलों. त्यांनीं साधाच प्रश्न विचारला, "लोह पोटांत जातें आणि अंगीं लागत नाहीं, तर मग तें जातें कोठें?" दोष औषधाचा नसून तें शोषून घेणाऱ्या आंतड्याचा असावा, असें सांगून त्यांनीं 'सीलिअ‍ॅक' या रोगाची शंका बोलून दाखविली व रक्ताची एक तपासणी लिहून दिली. गव्हांतील एका द्रव्यामुळें हा रोग बळावतो, एवढेंच मीं नीट ऐकलें. आणि घरीं येतांच नातीच्या ताटांतली पोळी बंद केली. तपासणी मात्र 'शाळेची परीक्षा झाल्यावर करूं' म्हणून पुढें ढकलली. पांच आठवड्यांनीं गेलों तेव्हां डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "पोळी चालू आहे ना?" मी मोठ्या अभिमानानें 'नाहीं' म्हणालों. त्यांनीं हातांतला कागद बाजूला ठेवला.

त्याचें कारण असें. या रोग्याच्या शरीरांत गव्हामुळें जीं प्रतिद्रव्यें उत्पन्न होतात, त्यांचीच मोजदाद या तपासणींत होते. गहूं सोडला कीं तीं हळूहळू कमी होतात, आंतडें भरून येऊं लागतें आणि रोग असूनहि तपासणी निर्दोष ठरूं शकते. तेव्हां निदान सहा आठवडे तिला पुन्हां रोज गहूं खाऊं घालणें भाग पडलें. त्या दिवसांत पोरीचें पोट दुखे आणि ती निमूटपणें पोळी खाई. "तपासणीसाठीं खातें आहें ना, आजोबा?" असें एकदां तिनें मलाच विचारलें. चाळीस वर्षें मुलांना 'प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा' म्हणून सांगत आलेल्या मास्तरानें स्वतः प्रश्न अर्धाच ऐकला होता, आणि त्याची शिक्षा ती भोगीत होती.

तपासणीचा क्रम असा आहे. प्रथम रक्तांतील 'टीटीजी-आयजीए' नांवाचें प्रतिद्रव्य मोजतात व त्याच वेळीं एकूण आयजीएहि पाहतात. कारण कांहीं माणसांत तें मुळांतच अत्यल्प असतें व मग पहिल्या आंकड्यानें फसगत होते. आंकडा वाढलेला निघाला तर तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आंतड्याच्या आरंभाच्या भागांतील बारीक तुकडे काढतात व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. मुलांत हा आंकडा मर्यादेच्या दहापट अथवा अधिक असला आणि दुसऱ्या नमुन्यांतील निराळ्या प्रतिद्रव्यानेंहि त्याला दुजोरा दिला, तर तुकडा न काढतां निदान करण्याची रीत आतां मान्य झाली आहे. तो निर्णय अर्थात् तज्ज्ञांचा. आमच्या नातीचे तुकडे काढावे लागले. अहवालांत रोग स्पष्ट होता.

हा रोग म्हणजे नुसतें अपचन नव्हे. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखालीं चोळीत राहिलें, तर पिठूळ भाग वाहून जातो आणि हातांत रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेंच ग्लूटेन. पोळी लाटतांना तुटत नाहीं ती त्याच्याच बळावर. गहूं, जव आणि राय या तीन धान्यांत तें असतें. आपल्या लहान आंतड्याला आंतून मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात व अन्नरसाचें शोषण तेच करतात. विशिष्ट आनुवंशिक ठेवण लाभलेल्या कांहीं माणसांत ग्लूटेन पोटांत गेलें, कीं शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आंतड्यावर उलटते आणि ही मखमल झिजून सपाट होते. मग लोह, कॅल्शिअम, जीवनसत्त्वें खाल्लेलीं सारीं वायां जातात. त्यामुळें कोणाला अतिसार होतो, कोणाला नुसता पांडुरोग. कोणाचीं हाडें ठिसूळ होतात, कोणाला अपत्यप्राप्तींत अडचण येते, कोणाच्या अंगावर खाजरे फोड उठतात. आणि कोणाला वर्षानुवर्षें कांहींच जाणवत नाहीं.

वैद्यकालाहि हें कोडें सुटण्यास फार काळ लागला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत आरेटिअस या ग्रीक वैद्यानें अशा रोग्यांचें वर्णन केलें. पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच रोगाचें आजचें नांव आलें आहे. १८८८ सालीं लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनीं त्याचें नेमकें वर्णन प्रसिद्ध केलें आणि रोगी बरा झालाच तर आहारानेंच होईल असा निष्कर्ष काढला. गंमत अशी, कीं त्यांनीं भात वर्ज्य ठरविला आणि पावाचे पातळ भाजलेले काप मात्र चालू ठेवले! खरा अपराधी सांपडण्यास आणखी साठ वर्षें जावीं लागलीं. हॉलंडमधील बालवैद्य विलेम डिके यांना महायुद्धापूर्वींच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत त्या देशांत अन्नान्नदशा झाली, पाव मिळेनासा झाला. आणि इतर मुलें खंगत असतां या रोगाचीं मुलें सुधारूं लागलीं. १९५० सालच्या आपल्या प्रबंधांत डिके यांनीं गव्हाचा दोष मोजमापानें दाखवून दिला.

आपल्या देशांत उत्तरेकडील मुलांत हा रोग असल्याचे अहवाल १९६६ सालीं प्रसिद्ध झाले. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत २३,३३१ प्रौढ माणसें तपासलीं गेलीं. रक्तांत या रोगाचीं प्रतिद्रव्यें सांपडण्याचें प्रमाण उत्तरेंत शेंकडा १.२३, ईशान्येंत ०.८७ आणि दक्षिणेंत अवघें ०.१० निघालें. आनुवंशिक ठेवण तिन्हीं ठिकाणीं जवळजवळ सारख्याच प्रमाणांत होती. परंतु उत्तरेंत माणशीं रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहूं पोटांत जात होता, तर दक्षिणेंत २५ ग्रॅम. हे आंकडे वाचले आणि मला माझें लहानपण आठवलें. तेव्हां आमच्याकडे सकाळीं आमटीभात आणि रात्रीं जोंधळ्याची भाकरी असे. पोळी सणावारीं किंवा पाहुण्यासाठीं. आतां चहाबरोबर बिस्किट, डब्यांत पोळी, मधल्या वेळीं पाव आणि रात्रीं पुन्हां पोळी. पाहणी महाराष्ट्राची नव्हती हें खरें. पण 'हा रोग पंजाबकडचा, आमच्याकडे कोठला?' असें म्हणण्यास आपल्या ताटानें आतां जागा ठेविलेली नाहीं.

या रोगावर औषध नाहीं. जन्मभर पथ्य हेंच औषध. प्रथम आम्हांला तें सोपें वाटलें. तांदूळ, जोंधळा, बाजरी, नाचणी, मका आणि सर्व डाळी निर्दोष. शिवाय एकादशीला चालणारी वरी, राजगिरा, शिंगाडा व साबुदाणा हीं तर हाताशींच. मग अडचण कसली? अडचण लपलेल्या गव्हाची होती. भाकरीचें पीठ गांवच्या गिरणींतून येई. तेथें आधीं दळलेल्या गव्हाचें पीठ दगडांत व कापडी नळींत उरतें आणि जोंधळ्याबरोबर डब्यांत येतें. बाजारच्या हिंगांत बहुधा गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें, म्हणजे रोजची फोडणीच सदोष! मेतकुटांत गहूं, थालिपिठाच्या भाजणींत गहूं, कुरडया तर गव्हाच्याच. एका प्रयोगांत या रोग्यांना ३ महिने रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलें, तेवढ्यानेंहि आंतड्याची हानि दिसून आली. ५० मिलिग्रॅम ग्लूटेन म्हणजे सुमारें अर्धा ग्रॅम कणीक. पोळपाटावर पसरलेली पिठी याहून अधिक भरेल.

सुनांनीं मग स्वयंपाकघराची फेरमांडणी केली. माळ्यावरचें जुनें जातें खालीं उतरवून पाहिलें. परंतु चार दिवसांत त्यांच्या दंडांची दया येऊन आम्हीं घरघंटी आणली व तींत गहूं घालावयाचा नाहीं असा नियम केला. भाकरीची परात, चाळण, तवा आणि उलथणें निराळें झालें. हिंग पिठाविना मिळेल तोच; भाजणी व मेतकूट घरीं, गव्हाशिवाय. बंद पुडक्यांवर गव्हासारख्या धान्यांचा उल्लेख करणें आतां कायद्यानें बंधनकारक आहे. आणि ग्लूटेनमुक्त म्हणविणाऱ्या पदार्थांत किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाहीं. म्हणून चष्मा लावून पुडकीं वाचण्याचें काम माझ्याकडे आलें. दिवाळींत अनारसे, बेसनाचे लाडू, तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली एवढें असतां करंजी-शंकरपाळ्यांवांचून कोणाचें अडलें नाहीं.

आतां प्रसादाची गोष्ट. निदान होऊन चार महिने झाले होते. घरीं सत्यनारायण होता. नात तीर्थ घेऊन दूर उभी राहिली. मला तें बरें वाटेना. "प्रसादानें बाधत नसतें, एवढासा घे," असें म्हणून मीं तिच्या तळहातावर शिरा ठेवला. तिनें आईकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें, आणि खाल्ला. रात्रीं तिला उलट्या झाल्या. दोन दिवस ती अंथरुणावर होती. सूनबाई मला एका शब्दानें बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून मीं पोथी उघडली. प्रसादाचें साहित्य सांगणारा श्लोक मला मुखोद्गत आहे. केळें, तूप, दूध आणि गव्हाचें पीठ. आणि लगेच पुढें, तें नसेल तर तांदुळाचें पीठ, साखर किंवा गूळ. इतकीं वर्षें मी हा श्लोक म्हणत आलों, अन्वयहि सांगत आलों. पण त्यांतली सवड कोणासाठीं ठेविली असेल, हा विचार कधीं मनांत आला नाहीं. पुढच्या वर्षीं आम्हीं दोन पातेलीं चढविलीं: मोठें गव्हाचें, लहान तांदुळाचें. तेव्हां नात म्हणाली, "सगळ्यांचा एक आणि माझाच प्रसाद निराळा कां?" तिला मजजवळ उत्तर नव्हतें. यंदां म्हणून पातेलें एकच चढलें.

रोग्याच्या आईबापांत व भावंडांतहि हा रोग शेंकडा सात-आठ जणांत सांपडतो, म्हणून डॉक्टरांनीं आम्हां साऱ्यांचीं रक्तें तपासविलीं. नातीचा बाप, माझा थोरला मुलगा, त्यांत सांपडला. कित्येक वर्षें त्याचें रक्त कमी असे, तें आम्हीं नोकरीच्या दगदगीवर ढकललें होतें. जिला मी घराण्याची ठेवण म्हणत आलों, ती निदान कांहीं अंशीं घराण्याचा रोग होती. नातीचें हिमोग्लोबिन आतां १२ आहे, आणि भिंतीवरची उंचीची खूण गेल्या वर्षांत चार बोटें वर गेली आहे.

ज्यांना हा रोग नाहीं त्यांनीं हौसेखातर गहूं सोडण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु ज्या घरांत एखादें मूल खाऊनपिऊन वाढत नाहीं, एखाद्या सुनेच्या अंगीं लोह लागत नाहीं, एखाद्याचें पोट वर्षानुवर्षें बिघडलेलें आहे, त्या घरच्या वडील मंडळींनीं 'आमच्याकडे असेंच' म्हणून स्वस्थ बसूं नये. डॉक्टरांना विचारून ही एक तपासणी करून घ्यावी. आणि ती होईपर्यंत, माझ्यासारखा शहाणपणा करून, पोळी मात्र बंद करूं नये.