कवटीचं हाड काढल्यावर

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर दुचाकी घसरते, नाहीतर अंधेरी-बोरिवलीदरम्यान कुणी लोकलमधून पडतं. डोक्याला मार लागून मेंदू सुजतो. बंद कवटीत सुजेला जागा नसते, म्हणून न्यूरोसर्जन हाडाचा मोठा तुकडा काढून ठेवतात. कधी डीप फ्रीझरमध्ये, कधी चक्क रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली. २०१६च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत सहा महिन्यांतले मृत्यू नुसत्या औषधोपचाराच्या गटात ४८.९ टक्के, तर या शस्त्रक्रियेच्या गटात २६.९ टक्के होते.

क्वचित मात्र वेगळंच संकट येतं. सूज ओसरल्यावर काही आठवड्यांनी हाड काढलेल्या जागची कातडी आत खचते, कारण बाहेरच्या हवेचा दाब आतल्या दाबावर मात करतो. सुधारत चाललेला रुग्ण पुन्हा सुस्तावतो, हातपाय लुळे पडतात, उठून बसलं की त्रास वाढतो. अशात पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, तर मेंदू मध्यरेषेपलीकडे सरकून जिवावर बेतू शकतं.

उपचार नेहमीच्या उलट: डोकं उंच ठेवायचं नाही, सपाट किंवा खाली; मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल बंद, शिरेतून सलाइन, मेंदू-मणक्यातल्या पाण्याचा निचरा थांबवायचा. कायमचा इलाज म्हणजे हाड परत बसवणं.

घरी आणलेल्या रुग्णाच्या डोक्यावरचा खड्डा खोल झाला आणि रुग्ण मंदावला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी न्यूरोसर्जनला दाखवा.