वायुदलाच्या मुलाखतीला जाताना

साताऱ्याकडच्या पुष्कळ मुलांना फौजेतला एखादा मामा असतो. निवडमंडळापुढे कसे बसावे, काय बोलावे, हे तो सुट्टीवर आला म्हणजे ओसरीवर सांगतो. आम्हां सोलापूरकरांच्या बहुतेक घरांत असा मामा नाही. आमच्या पिढ्या गिरणीत, मागावर आणि विड्या वळण्यात गेल्या. त्यामुळे येथल्या मुलाला वायुदलाच्या अधिकारपदासाठी बोलावणे आले की घर आनंदते आणि लगेच भांबावते. मग कोणी छापील उत्तरे आणून देतो, आणि मुलगा ती पाठ करू लागतो. आमचे भांडण या पाठांतराशी आहे.

मुळात ही अर्ध्या तासाची मुलाखत नव्हे. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी किंवा कांचरापाडा येथील मंडळाकडे जावे लागते आणि काम चांगले चार-पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते व बरेच जण संध्याकाळच्या आत परत फिरतात. उरलेल्यांच्या छातीवर क्रमांकाची पट्टी येते. त्यांची पारख तिघे जण स्वतंत्रपणे करतात. मानसशास्त्रज्ञ लेखी कसोट्या घेतो. त्यांतल्या एकीत साठ शब्द एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येकी पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचे असते. दुसरा अधिकारी मैदानावर फळ्या, दोर, पिंपे देऊन गटाकडून अडथळे ओलांडून घेतो. तिसरा समोर बसवून बोलतो. ‘मनसा, वाचा, कर्मणा’ हे आपल्याकडचे जुने शब्द तेथे या तिघांच्या कामाला लावतात. आता सांगा, पाठ केलेले उत्तर वाचेपुरते टिकेल. पंधरा सेकंदांत मन काय लिहील आणि पिंपावर तोल जाऊ लागला असता हात कोणाला धरील, ते कोण पाठ करून देणार?

मुलाखतीपूर्वी एक माहितीपत्रक भरून घेतात. घर, वडिलांचा व्यवसाय, परीक्षांतले गुण, खेळ, छंद सगळे त्यात येते आणि प्रश्न तेथूनच निघतात. कित्येकदा अधिकारी आठ-दहा प्रश्न एका दमात विचारतो: शाळा कोणती, गुण किती, कोणते शिक्षक आवडले, कोणते आवडले नाहीत, का, मित्र कोण, फावल्या वेळी काय करता. सगळे लक्षात राहिले नाहीत तर, ‘साहेब, पुढचा प्रश्न पुन्हा सांगाल का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणावे.

आमची मुले चुकतात ती बहुधा वडिलांच्या व्यवसायापाशी. गिरणी बंद पडली, वडील आता यंत्रमागावर पाळी करतात, आई विड्या वळते, हे सांगताना मान खाली जाते. एखादा तर ‘वस्त्रव्यवसाय’ असा गुळगुळीत शब्द योजतो. पुढचा प्रश्न मागाविषयी आला की पंचाईत! त्यापेक्षा माग कसा चालतो, सूत तुटले की काय करतात, मजुरी कशी ठरते, हे ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले आहे त्याच्याजवळ बोलायला भरपूर आहे. इंग्रजी साधी असली तरी चालते. उसना उच्चार मात्र लगेच कळतो.

बाकी शिष्टाचार थोडकाच आहे. इस्त्रीचा फिका सदरा, पॉलिश केलेले बूट, कापलेले केस व नखे. दारावर टकटक करून आत यावे, अभिवादन करावे, बसा म्हटल्यावर बसावे, बोलणाऱ्याकडे पाहावे. जेवणघरात काटे-चमचे दिसतील; कडक भाकरीला सरावलेल्या हाताने त्यांचा धसका घेऊ नये, शेजारचा कसे करतो ते पाहावे. गटचर्चेत मात्र ओरडू नये आणि गप्पही बसू नये. शेवटच्या दिवशी सगळे मंडळ एकत्र बसून प्रत्येकाला आत बोलावते. तेथे बहुधा राहण्या-जेवण्याची चौकशी होते. कुरकुर नको आणि खोटी स्तुतीही नको.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी एक यंत्रांवरची कसोटी असते. ती जन्मात एकदाच देता येते. नापास झाला तर उड्डाणशाखेचे दार कायमचे बंद. शिवाय उंची निदान १६२.५ सेंटिमीटर लागते व पायांची लांबीही मोजतात. तेव्हा पायलटचे स्वप्न गल्लीभर सांगण्याआधी भिंतीला टेकून घरीच माप घ्यावे, हे बरे. भूशाखा आहेत, तांत्रिक शाखा आहेत. त्यांना दुय्यम मानणाऱ्याला अधिकारीही बरोबर ओळखतात.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुलीही दाखल होऊ लागल्या आहेत. वरचे सगळे त्यांनाही लागू. पालकांनी एवढेच करावे की तिला एकटीला गाडीत बसवून द्यावे. मंडळाच्या फाटकापर्यंत मामा-काकांची फौज नेऊ नये. एका प्रकारच्या भरतीसाठी प्रथमच जाणाऱ्या उमेदवाराला रेल्वेभाडे परत मिळते, तिकीट जपून ठेवावे. आणि तयारीसाठी पैसे मोजण्यापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक खेप घालावी. नाशिक रोडला राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे महाराष्ट्रातील उमेदवारांची या मुलाखतीसाठी तयारी करून घेतात, राहणे-जेवणे धरून विनामूल्य.