अंगणांतील विटांची शेगडी

थंडीचे दिवस आले म्हणजे देशावर शेतांत हुरडा भाजला जातो, खानदेशांत वांगीं विस्तवावर भाजून भरीत करतात, आणि अलिबागेकडे वालाच्या शेंगांनीं भरलेलें मडकें पालथें घालून त्याच्या भोंवतीं जाळ करतात. त्यास पोपटी म्हणतात. तेव्हां उघड्यावर अन्न भाजणें आपणांस नवें नाहीं. अमेरिकेंत याच कामासाठीं घरामागील अंगणांत विटांची कायमची शेगडी बांधण्याची चाल आहे. तिला बार्बेक्यू म्हणतात. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक काठ्यांचा जो माच उभारीत, त्याचें नांव स्पॅनिश लोकांच्या मार्फत फिरत फिरत या शेगडीस येऊन चिकटलें.

अशी शेगडी आमच्या विद्यार्थ्यांस वडील माणसांच्या देखरेखीखालीं सुटींत सहज बांधतां येईल. विटा रचणें हा त्यांतला सोपा भाग होय. वाऱ्यास वाट कोठून द्यावयाची, याचा विचार मात्र आधींच करावा लागतो.

जागा पूर्ण उघडी असावी. वर झाडाची फांदी, छप्पर किंवा कपड्यांची दोरी नको. घराची भिंत व गवताची गंज निदान १० फूट दूर असावी. काळी जमीन पावसांत फुगते व उन्हांत आकसते. म्हणून तेथें फूटभर माती काढून मुरूम भरावा व तो चांगला चोपावा. शेगडीचें तोंड असें ठेवावें कीं, भाजणाराच्या पाठीकडून वारा येईल. असें केलें म्हणजे धूर त्याच्या डोळ्यांत जात नाहीं, आणि निखाऱ्यांस हवाही मिळते.

विटा पक्क्या भाजलेल्या घ्याव्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत आवाज यावा. वीट ९ इंच लांब, ४॥ इंच रुंद व ३ इंच जाड धरली तर आमचा हिशेब असा: शेगडीस तीन बाजूंनीं भिंती व पुढें तोंड मोकळें, बाहेरून रुंदी ३६ इंच व खोली २७ इंच. पहिल्या थरांत मागच्या भिंतीस ४ विटा व दोन्ही बाजूंस अडीच अडीच. दुसऱ्या थरांत बाजूंच्या भिंती मागपर्यंत नेऊन प्रत्येकीस ३ विटा, व त्यांच्या मध्यें मागें ३. दोन्ही थरांस ९ विटाच लागतात, पण खालचा सांधा वरच्या विटेच्या बरोबर मध्याखालीं येतो. सांध्यावर सांधा आला तर भिंत तेथेंच उभी चिरते. असे ११ थर, म्हणजे ९९ विटा. फुटण्यासाठीं दहाबारा अधिक आणाव्या.

सांध्यांस सिमेंट वापरण्याचा मोह पुष्कळांस होतो. परंतु सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें, आणि कडक आंचेनें तेंच पाणी सुटूं लागलें म्हणजे तें भुसभुशीत होतें. चिकण माती व तिच्या दुप्पट वाळू यांचा गारा येथें अधिक टिकतो. सहाव्या थरावर लोखंडी पट्ट्या आडव्या टाकून त्यांवर भोंकें पाडलेला साध्या लोखंडाचा पत्रा ठेवावा. निखारे त्यावर राहतील. नवव्या थरावर भाजण्याची जाळी ठेवावी. वरचे दोन थर वाऱ्याच्या आडोशासाठीं. पट्ट्या गाऱ्यांत घट्ट चिणूं नयेत. तीन फूट लोखंड ४०० अंशांनीं तापलें तर इंचाचा सुमारें सहावा भाग वाढतें, आणि तेवढी वाढ भिंत फोडण्यास पुरेशी आहे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी तर आणूंच नये. तापल्यावर तिच्यांतून विषारी धूर निघण्याचा संभव असतो.

पत्र्याखालची पोकळी राखेनें भरूं देऊं नये, कारण भोंकांतून वर चढणारी हवा तेथूनच येते. विटांच्या शेगडीचा खरा दोष हा कीं, ही हवा हवी तेव्हां कमी करतां येत नाहीं. शिकागोकडील जॉर्ज स्टीफन हा गृहस्थ आपल्या विटांच्या शेगडीच्या धुरास व वाऱ्यास कंटाळला होता. तो ज्या धातुकामाच्या कारखान्यांत काम करी, तेथें समुद्रांत तरंगत ठेवण्याचे पोकळ गोळे बनत. १९५२ सालीं त्यानें तसा एक गोळा मधोमध कापून झांकणाची व झरोक्यांची शेगडी केली. आपणांस झांकण नाहीं. म्हणून निखारे मागेंपुढें सारून आंच कमीजास्त करावी.

बांधकाम झाल्यावर दोन आठवडे तें वाळूं द्यावें. ओल्या विटेंतील पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारें १,७०० पट जागा मागते व विटेचे कपचे उडवते. याच कारणानें नदींतील गोटे जाळाभोंवतीं मांडूं नयेत. पहिले दोनतीन जाळ लहानच करावे. पुढें कोळसे पेटवून अर्धा तास वाट पाहावी. ज्वाला निवून निखाऱ्यांवर करडी राख आली म्हणजे वांगीं, कणसें, मासे कांहींही ठेवावें. ज्वालेवर ठेवलेली वस्तु वरून जळते व आंत कच्ची राहते.

आतां पालकांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. निवालेले, धूर नसलेले निखारे निरुपद्रवी दिसतात, आणि थंडीच्या रात्रीं कोणी ते घमेल्यांत घालून ऊब घेण्यासाठीं खोलींत नेतो. जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं व वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्यास तो प्राणवायूपेक्षां २०० हून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो, आणि झोंपलेलें माणूस झोंपेंतच जातें. डोकें दुखणें, मळमळणें व ग्लानि येणें हीं त्याचीं लक्षणें होत. दार लावलेल्या खोलींत दोघांतिघांस एकदम तसें होऊं लागलें तर कारण शोधीत बसूं नये. सर्वांस तत्काळ उघड्यावर आणून दवाखान्यांत न्यावें. खिडकी किलकिली ठेवल्यानें किंवा शेगडी ओटीवर, गच्चीच्या छपराखालीं ठेवल्यानें ही भीति पुरती जात नाहीं. पाऊस आला तर अन्न आंत न्यावें, निखारे नेऊं नयेत.

भाजणें संपलें म्हणजे निखारे चिमट्यानें एकेक उचलून पाण्याच्या बादलींत टाकावे. तापलेल्या विटांवर पाणी ओतूं नये. वरून विझलेली दिसणारी राख आंत दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असूं शकते. ती पूर्ण थंड झाल्यावाचून उकिरड्यावर नेऊं नये.