आकडा मोठा, पण गेम कुणाचा पळतो?

"बाई, जास्त गिगाहर्ट्झ म्हणजे गेम जास्त पळणार, न्हवं?" मधल्या सुट्टीत एकाने विचारलं. घरी महागड्या प्रोसेसरसाठी हट्ट चाललाय, हे लगेच कळलं! दोस्तांनो, तुमच्याकडेही तेच चाललं असेल, तर आई-बाबांना शेजारी बसवूनच पुढचं वाचा.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेबनीस. सेकंदाला त्याचे किती ठोके पडतात, ते हा आकडा सांगतो. एका ठोक्यात काम किती उरकतं, ते मात्र सांगत नाही. इंटेलचा पेंटियम १९९३ साली आला. तो घडवणाऱ्या चमूचे प्रमुख विनोद धाम जन्माने पुण्याचे, बरं का! पुढे ते प्रतिस्पर्धी गोटात गेले. १९९७ साली आलेल्या एएमडीच्या के-६मध्येही त्यांचा मोठा वाटा होता. त्या वर्षी दोन्ही कंपन्यांचे २३३ मेगाहर्ट्झचे प्रोसेसर बाजारात होते. ठोके अगदी सारखे! ऑफिसच्या कामात के-६ तोडीस तोड, पण 'क्वेक' या खेळात मागे पडायचा. अशा खेळात भिंती, राक्षस, गोळ्या यांच्या जागा सतत दशांश अपूर्णांकांत काढाव्या लागतात, आणि त्या गणितात के-६ जरा कच्चा होता. (दशांशाचा कंटाळा करणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

आता अलीकडची जोडी बघा. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला ४७० कोटी ठोके. २०२२ साली त्याचा भाऊ ५८००एक्स३डी आला, तो ४.५पर्यंतच. तरी बहुतेक खेळांत धाकटाच पुढे! कसा? मिसळीच्या गाड्यावर कट, फरसाण, कांदा हाताशी असला की प्लेट झटकन भरते. दर प्लेटीला कांद्यासाठी आत पळावं लागलं, तर हात चपळ असून काय उपयोग? प्रोसेसरच्या पोटातली अशी हाताजवळची जागा म्हणजे कॅश मेमरी. थोरल्याकडे ती ३२ मेगाबाइट, धाकट्याकडे ९६.

आणि पडदा? ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. प्रोसेसरने दीडशेची तयारी केली, तरी ६०च. शिवाय चित्रं रंगवतं ग्राफिक्स कार्ड. तेच दमलं, तर महागडा प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो.

मी त्या पोराला विचारलं, "घरचा मॉनिटर कितीचा?"

"बघून सांगतो, बाई," म्हणाला.